माळावर गुरं कधी सोडायची

परवा दिवाळीचा पाडवा झाला आणि आज सकाळी आमच्या माळाच्या पहिल्या पट्टीचं कवाड उघडलं. मृगापासून त्या दोन एकरांत एकाही जनावराचा खूर पडला नव्हता. गवत माझ्या कमरेला लागत होतं. वरचं बी बरंचसं गळालेलं, काड्या पिवळ्या पडत आलेल्या, बुडाशी अजून हिरवं. आमची थोरली म्हैस नेहमी पुढं असते. ती आत शिरली, चार पावलं गेली, मान खाली घातली आणि मग अर्धा तास तिनं वर बघितलंच नाही. मी तेवढा वेळ कवाडाला टेकून उभी होते. घरातली कामं खोळंबली होती, पण आजची सकाळ मला अशीच घालवायची होती. 2017 साली हीच पट्टी मी पहिल्यांदा राखली होती. चार पट्ट्या, दर वर्षी एक राखीव. दोन फेऱ्या पूर्ण झाल्या, आज तिसरी सुरू झाली.

आमचं गाव हातकणंगले तालुक्यात, रामलिंगाच्या डोंगररांगेच्या पायथ्याला. खाली बघाल तिकडं ऊस, वर मुरमाड माळ. माळावर उभं राहिलं की पश्चिमेला जोतिबाचा डोंगर दिसतो. कोल्हापूर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं धो धो पाऊस येतो, पण तो सगळा गगनबावडा, राधानगरीकडचा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढं पडतो आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला पाचशेच्या आसपास. आम्ही शिरोळच्या बाजूचे. म्हणून पाटाचं पाणी जिथं चढत नाही तिथं आमच्याकडं गवत हेच पीक, आणि ते पीक आहे हे आम्ही विसरत चाललोय.

1994 साली आमच्या सासऱ्यांची, म्हणजे आण्णांची, आणि त्यांच्या धाकट्या भावाची वाटणी झाली. सोळा एकर माळाच्या मधोमध दगडी बांध पडला. आठ एकर आण्णांचे, आठ एकर तात्यांचे. बांधाच्या खालच्या अंगाला गावचं गायरान. आण्णांनी आपला माळ राखला. पावसाळाभर गुरं बंद, दिवाळीनंतर विळा लावायचा, पेंढ्या बांधायच्या, गंजी रचायची. तात्यांनी गुरं मोकळी सोडली, बारा महिने, सकाळी सोडायची आणि दिवस मावळताना आणायची. गायरानात तर ज्याची असतील त्याची. माती एक, उतार एक, पाऊस एक. मी 2001 साली लग्न होऊन या घरात आले तेव्हा वनस्पतिशास्त्राची पदवी बरोबर होती आणि माळावर पहिल्यांदा गेले तेव्हा त्या बांधावर बसूनच राहिले. डावीकडं आणि उजवीकडं दोन वेगळे जिल्हे असावेत असं दिसत होतं.

आण्णांच्या अंगाला पवना होता, मारवेल होतं, दोन्ही गुरांच्या आवडीची गवतं. पवन्याचे ठोंब एकमेकांपासून वीतभर अंतरावर, मधे बारीक शेंगांचे वेल. तात्यांच्या अंगाला पवना शोधावा लागायचा. तो फक्त निवडुंगाच्या आणि बोरीच्या जाळीत सापडायचा, जिथं गुराचं तोंड पोचत नाही. बाकी सगळी कुसळी, आणि कुसळीच्याही मधे टाकळा, रानतुळस, तरवड. गायरानात कुसळीही विरळ, नुसती हरळी आणि उघडा मुरूम.

हा क्रम उगाच नसतो. गाय चरताना सगळं सारखं खात नाही. जे गोड, जे लुसलुशीत, त्यावर पहिलं तोंड. पवना खाल्ला, चार दिवसांनी त्याला कोवळी पानं फुटली, की ती परत तिथंच येते, कारण शेजारच्या निबर काडीपेक्षा तो फुटवा मऊ असतो. असं पावसाळ्यात दहा वेळा झालं की पवना थकतो आणि शेजारची न खाल्लेली कुसळी त्याची जागा, त्याचं पाणी, त्याचं ऊन घेऊन बसते. 1949 साली टेक्सासमध्ये डिक्स्टरहुइस नावाच्या शास्त्रज्ञानं माळावरच्या वनस्पतींचे तीन गट पाडले होते. चराई वाढली की घटणाऱ्या, चराई वाढली की आधी वाढणाऱ्या, आणि सगळं उघडं पडल्यावर बाहेरून घुसणाऱ्या. कॉलेजात पाठ केलेलं हे त्या बांधावर बसून मला समोर दिसत होतं. पवना घटणारा, कुसळी वाढणारी, टाकळा घुसलेला. आपल्या देशातल्या गवताळ प्रदेशांची जी पाहणी 1973 साली प्रसिद्ध झाली, तिच्यात दख्खनचा हा सगळा पट्टा पवना-मारवेलच्याच नावावर लावलाय. म्हणजे कुसळीचा माळ हा आमचा मूळचा माळ नव्हे, तो खाऊन खाऊन झालेला माळ आहे.

कुसळीचं एक बी हातात घेऊन बघा. टोक सुईसारखं, त्यावर उलट्या दिशेला वळलेले तांबूस केस, आणि मागं लांब पिळदार शेपटी. तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाकला की शेपटीचा पीळ सुटायला लागतो आणि बी आपोआप गोल फिरतं. जमिनीवर हेच होतं. दव पडलं की पीळ सुटतो, ऊन लागलं की परत बसतो, आणि बी स्क्रूसारखं मातीत उतरत जातं. उलटे केस त्याला मागं येऊ देत नाहीत. म्हणून वणवा वरून गेला तरी ते खाली सुरक्षित. आणि म्हणूनच मेंढराच्या लोकरीतून ते कातडीत शिरतं, गुराच्या जिभेखाली जखम करतं. निसवण्याआधी कुसळीही बरी वैरण आहे, गुरं खातात. पण तुरे आले की तिच्याकडं कोणी बघत नाही, आणि नेमका तेव्हाच तिचा पसारा सुरू होतो.

आता गवताच्या मुळाबद्दल, कारण सगळं तिथं आहे. 2016 च्या श्रावणात मी बांधाच्या दोन्ही अंगांचे पवन्याचे दोन ठोंब मुळासकट उपटले. उपटले म्हणजे कुदळीनं बाजूनं खणून काढले आणि बादलीत भिजत घातले. माती सुटायला रात्र गेली. सकाळी परसात पांढऱ्या पोत्यावर पसरले. आण्णांच्या अंगाचा ठोंब, त्याची मुळं माझ्या कोपरापासून मनगटापर्यंत आली, तीही खाली तुटलेली. तात्यांच्या अंगाचा, बोरीच्या कडेचा, त्याची मुळं माझ्या बोटाएवढी. वरून बघितलं तर दोघांत फार फरक नव्हता. आण्णा कट्ट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "गवताला बी माप लावतीस व्हय?" मग काठी टेकत जवळ आले, दोन्ही मुळं हातात घेतली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

पान म्हणजे गवताचं स्वयंपाकघर. पान खाल्लं की मूळ उपाशी. 1955 साली अमेरिकेत क्रायडर नावाच्या संशोधकानं गवतं कापून कापून याचं मोजमाप घेतलं. 40 टक्क्यांपर्यंत पाला काढला तरी मुळांची वाढ चालू राहिली. निम्म्याच्या पुढं गेलं की काही मुळं थांबायला लागली, आणि 80 टक्के पाला एकदाच काढला तर मुळं बारा दिवस जागची हलली नाहीत. बारा दिवस! आणि आमच्याकडं गाय त्याच ठोंबावर चौथ्या दिवशी परत येते. मूळ थांबलंय, वर परत खाल्लं, परत थांबलं. पावसाळा संपला तेव्हा त्या ठोंबाजवळ उन्हाळा काढायला काही साठाच नाही. मार्चमध्ये तो मरतो आणि आपण म्हणतो यंदा ऊन फार.

एवढं कळल्यावर आण्णांची राखणच बरोबर असं वाटेल. मलाही पंधरा वर्षं तसंच वाटत होतं. पण राखलेल्या माळातही हळूहळू काही बिघडत होतं, आणि ते बघायला मला वेळ लागला. विळा सपाट जागी चालतो. जिथं दगड आहेत, उतार आहे, तिथलं गवत कापायचं राहून जायचं. ते वाळून उभंच राहायचं, पुढच्या पावसात त्यातूनच नवं फुटायचं, आणि चार-पाच वर्षांत त्या ठोंबांच्या पोटात राखाडी, मेलेल्या काड्यांचा गड्डा झालेला. बाहेरच्या कडेला तेवढी हिरवी झालर. ऊन बुडापर्यंत पोचत नाही, कोंब गुदमरतात. मधले शेंगांचे वेल, पावसाळी बारीक फुलं, सगळी कमी झाली. दुसरं म्हणजे गवत कापून घरी आणलं, गुरांनी खाल्लं, शेण उकिरड्यात गेलं, आणि उकिरडा फुटला की खत उसाला. माळाला त्यातलं काही परत मिळत नव्हतं. वीस-बावीस वर्षं आम्ही माळाचं ऊसाला घालत होतो.

साताऱ्याच्या कास पठारावरही कुंपणामुळं गुरं आत जायची थांबली आणि फुलांपेक्षा बाकीचंच माजलं म्हणून कुंपण काढायची मागणी झाली होती, ती बातमी मी कापून ठेवली होती. गवत आणि गुरं एकमेकांबरोबर घडलेली आहेत. गवताचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो, झाडासारखा शेंड्याला नसतो, तो याचसाठी. वरचं खाल्लं तरी खालून येतं. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, ती जिभेनं गवत वेढून ओढते, म्हणून ती फार खालून खाऊ शकत नाही. शेळी-मेंढी मात्र ओठानं टिपते, अगदी बुडाला जाते. एकच रान दोघांनी चरलं तर दोन वेगळी रानं होतात.

तर 2017 साली मी आण्णांना विचारलं की आठ एकराच्या चार पट्ट्या करू का. शिरोली एमआयडीसीत माझा नवरा फाउंड्रीत आहे. त्यानं मीटरभर लांब, मीटरभर रुंद लोखंडी चौकट वेल्डिंग करून आणली, मोजणीसाठी. कुंपणाच्या तारेला हलका विजेचा झटका देणारं सौर झटका मशीन घेतलं. आण्णा म्हणाले, "माळ तुझ्या हवाली केला. पण पहिल्या पावसात गुरं सोडायची न्हाईत, एवढं माझं ऐक." ती अट मला तेव्हा म्हाताऱ्या माणसाची हौस वाटली. आज मला वाटतं या सगळ्या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं वाक्य तेच.

पद्धत अशी. मृगाचा पाऊस पडला की गुरं गोठ्यात. वाडं म्हणजे उसाचे शेंडे, कडबा, हत्तीगवत, जे असेल ते. गवत वीतभर होऊन त्याला चार-पाच पानं सुटेपर्यंत माळ बंद, म्हणजे साधारण पुनर्वसू संपेपर्यंत. पहिला फुटवा गवत मुळातल्या साठ्यावर काढतं, घरातलं धान्य पेरणीला घालावं तसं. तो फुटवाच खाल्ला तर गवताला दोन्हीकडून मार. वर जमीन ओली, खुरानं दाबली जाते आणि नंतर पाणी मुरत नाही. त्यानंतर तीन पट्ट्या आळीपाळीनं चरायच्या आणि चौथी दिवाळीपर्यंत बंद, बी गळेपर्यंत. मग ती उघडायची. तेव्हा गुरं वाळत आलेल्या काड्या खातात, मोडतात, आणि खुरानं बी मातीत दाबतात. पुढच्या वर्षी राखीव पट्टी बदलायची. ही काही माझी कल्पना नाही. आर्थर सॅम्पसन या संशोधकानं अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या डोंगरात मेंढरांवर हे करून बघितलं आणि 1913 साली लिहून ठेवलं. बी गळाल्यावर चरू दिलं तर खुरांनी बी पुरलं जातं हे त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

पहिल्या वर्षी मी चुकले. कॅलेंडरवर पंधरा-पंधरा दिवसांच्या खुणा केल्या आणि त्याप्रमाणे पट्टी बदलत गेले. ऑगस्टमध्ये मोठी उघडीप पडली, वीस दिवस टिपूस नाही, गवत जागच्या जागी थांबलं. पण कॅलेंडरात तारीख आली म्हणून मी गुरं परत त्या पट्टीत घातली. तिथं फुटवा चार बोटंही आला नव्हता. गुरांनी तो खाल्ला आणि ती पट्टी त्या वर्षी परत उठली नाही. तेव्हापासून मी तारीख बघत नाही, गवत बघते. मागच्या खेपेला खाल्लेल्या ठोंबाला परत वीतभर पानं आली का, एवढंच. पाऊस चांगला असेल तर महिन्यात येतात, नसेल तर दोन महिने लागतात. गुरं काढायचीही खूण तीच. बूट बुडेल एवढं गवत शिल्लक असतानाच पट्टी बंद.

अजून एक गोष्ट पुढच्या वर्षी लक्षात आली. पाण्याची टाकी खालच्या कोपऱ्यात. गुरं तिच्याच भोवती चरायची, वरच्या उताराला जायचीच नाहीत. खाली टक्कल, वर रान. मग गुरं मिठासाठी चाटतात त्या चाटण विटा उचलून वरच्या टोकाला दगडावर ठेवल्या. दोन दिवसांत पायवाट पडली.

2019 चा महापूर आठवत नाही असं आमच्याकडं घर नाही. माझं माहेर पंचगंगेच्या काठचं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी चढलं तेव्हा माझ्या भावानं अकरा जनावरं रातोरात आमच्याकडं आणली. गावात वैरण नाही, रस्ते बंद, ऊस पाण्याखाली. तिसरी पट्टी त्या वर्षी राखीव होती आणि नेमकी निसवायला आली होती. ती मी उघडली. दुसरा विचारही केला नाही आणि आजही तसंच करीन. सहाची सतरा जनावरं तीन आठवडे त्या माळावर होती, पावसात, चिखलात. जाताना तिसऱ्या पट्टीत चिखलात खुरांचे खड्डे आणि त्यात साचलेलं पाणी, एवढंच होतं.

पुढच्या वर्षी तिथं चौकट ठेवली तेव्हा जिथं पवन्याचे सात-आठ ठोंब असायचे तिथं दोन सापडले, बाकी टाकळा. दोन पावसाळे मी ती पट्टी दिवाळीपर्यंत बंदच ठेवली, टाकळा फुलायच्या आत उपटून काढला. 2022 मध्ये ती परत ओळखीची दिसायला लागली. म्हणजे तीन आठवड्यांचं देणं फेडायला तीन वर्षं गेली, आणि तेही शेजारच्या पट्ट्यांतून बी येत होतं म्हणून.

हे मी एवढं सविस्तर लिहिते कारण पट्ट्या पाडल्या की माळ आपोआप सुधारतो असं आता बरेच जण सांगतात. झिंबाब्वेचे ॲलन सेव्हरी यांचं 2013 मधलं भाषण माझ्या भाच्यानं मला मोबाईलवर पाठवलं होतं. जास्त गुरं, दाटीनं, थोडा वेळ, आणि मग लांब विश्रांती, यानं वाळवंटही हिरवं होईल असा त्यांचा दावा. ऐकताना भारावायला होतं. पण 2008 साली ब्रिस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक देशांतले प्रयोग एकत्र तपासले तेव्हा असं दिसलं की बहुतेक ठिकाणी फिरती चराई ही मोकळ्या चराईपेक्षा वरचढ ठरलीच नाही. गुरांची संख्या आणि पाऊस, फरक पडला तो मुख्यतः या दोनांनी. माझ्या आठ एकरांनी मला तेच शिकवलं. सहा जनावरांना पट्ट्या पुरतात. सतरा जनावरांना कुठलीच पद्धत पुरत नाही.

म्हणून आधी हिशेब करा. माझा हिशेब असा आहे. चौकटीतलं गवत दिवाळीच्या सुमाराला कापून, वाळवून वजन केलं, चार ठिकाणी. सरासरी 300 ग्रॅम. म्हणजे एकरी साधारण 1.2 टन, आठ एकरांत साडेनऊ टन वाळलं गवत. त्यातलं निम्मं माळाचं, ते तिथंच राहणार. उरलं पावणेपाच टन. म्हैस आपल्या वजनाच्या अडीच टक्के वाळला चारा रोज खाते, म्हणजे दहा-अकरा किलो. सहा जनावरं, रोज साठ किलो. भागाकार केला की ऐंशी दिवस येतात. माझा माळ वर्षातले ऐंशी दिवस माझी गुरं पोसू शकतो, बाकीचे दिवस मला दुसरीकडून आणलं पाहिजे. हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हा मी दोनदा तपासला. एवढ्या मोठ्या माळावर एवढंच? एवढंच. तात्यांच्या अंगाला तीच चौकट ठेवली तर 80 ग्रॅम भरलं, आणि त्यांच्या सात म्हशी आणि वीस शेळ्या तिथं वर्षभर असतात.

तात्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या पोरांना शेतात रस नाही, गोठ्यात वैरण टाकायला माणूस मिळत नाही, सोडलेली गुरं निदान पाय तरी मोकळे करतात. ते म्हणतात, "चरत्यात की, उपाशी हायत व्हय?" उपाशी नाहीत, खरंय. संध्याकाळी घरी त्यांना वाडं मिळतं. म्हणजे आता त्यांच्या माळावरच्या चाऱ्यावर त्यांची गुरं जगतच नाहीत, ऊसावर जगतात. पूर्वी माळ संपला की गुरं विकावी लागायची, वडगावच्या बाजाराची वाट धरावी लागायची, आणि तेवढाच माळाला विसावा मिळायचा. आता बाहेरचा चारा गुरांना जगवतो आणि गुरं माळाला उठू देत नाहीत. ही गोष्ट मला फार लागते.

दिवाळीनंतर आमच्या बाजूनं धनगरांचे वाडे, म्हणजे मेंढरं घेऊन फिरणारी कुटुंबं, जातात. पट्टणकोडोलीची यात्रा झाली की त्यांचं येणं-जाणं सुरू. एक मामा दर वर्षी आमच्या खालच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवतात. त्यांना मी माळाच्या पट्ट्या दाखवायला नेलं. ते हसले नाहीत, उलट हरेक पट्टीत वाकून गवत चाचपून बघितलं. म्हणाले, "पोरी, आमी तर जल्मभर ह्येच करतोय. ऱ्हायलं की रान मरतं. चालत ऱ्हायलं की रान जगतं." पावसाळ्यात ओल्या रानात मेंढराचे खूर कुजतात म्हणून ते पूर्वेकडं, कमी पावसाच्या मुलखात जातात, आणि त्यामुळं पावसाळाभर इकडची रानं आपोआप राखली जातात. आता त्यांच्या वाटांवर प्लॉट पडलेत, कुंपणं झालीत, म्हणून एकेका ठिकाणी त्यांना जास्त दिवस काढावे लागतात. रान मेंढरांनी खाल्लं असं लोक म्हणतात तेव्हा मला त्या बंद झालेल्या वाटा दिसतात.

वणव्याबद्दलही बोलले पाहिजे. शिमग्याच्या आधी आमच्याकडं डोंगर पेटवतात. जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं हा पक्का समज. जळल्यावर कोवळं फुटतं हे खरं, पण मातीत पुरलेली कुसळीच सगळ्यांत आधी उठते आणि दर वर्षी जाळलं की तिचंच राज्य होतं. वरचं पाल्याचं पांघरूण जातं, मुरूम उघडा पडतो, वळवाच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर माती ओढ्यात. ज्या वाळल्या काड्या जाळायच्या, त्या दिवाळीनंतर गुरांना खायला आणि तुडवायला दिल्या तर काडी पेटवायची गरजच राहत नाही. आमच्या माळावर 2017 पासून आग नाही. बांधालगत दर वर्षी दहा फुटांचा पट्टा मी विळ्यानं साफ करून घेते, शेजारून येऊ नये म्हणून.

गायरानाचं मात्र मला अजून उत्तर सापडलेलं नाही. मी आले तेव्हा तिथं सकाळी साठ-सत्तर जनावरं जमायची. आता वीसही नसतात, कारण दुधाचा धंदा गोठ्यात गेला. गुरं कमी झाली तर गवत परत यायला हवं होतं. आलं नाही. वरची माती वाहून गेलीय, पवन्याचं बी तिथं उरलेलंच नाही, खुरांनी दाबलेल्या मुरमावर पाणी थांबत नाही. 1989 साली वेस्टोबी, वॉकर आणि नॉय-मेयर या तिघा शास्त्रज्ञांनी हेच मांडलं होतं की माळ पायऱ्या उतरतो. एकदा खालच्या पायरीवर गेला की नुसती गुरं काढून तो आपला आपण वर चढत नाही, त्याला हात द्यावा लागतो. गेल्या वर्षी ग्रामपंचायतीला विचारून खालच्या कोपऱ्यातले पाच गुंठे मी बायकांना घेऊन आडवे चर काढून घेतले, बोरीच्या फांद्यांची वई, म्हणजे काटेरी कुंपण, केली आणि आमच्या माळावरचं दोन पोती पवन्याचं बी शेणमातीत कालवून टाकलं. मार्चमध्ये कोणीतरी वई काढून सरपणाला नेली आणि शेळ्या शिरल्या. यंदाच्या श्रावणात जाऊन बघितलं तर पाच गुंठ्यांत पवन्याचे एकोणीस ठोंब. मी एकेक मोजला. चरांच्या खालच्या काठालाच, जिथं पाणी थांबलं तिथंच.

आण्णा आता एक्याऐंशी वर्षांचे आहेत, माळापर्यंत चढवत नाही. आज दुपारी पहिल्या पट्टीतला एक ठोंब त्यांना खणून आणून दाखवला. त्यांनी मूळ बघितलं, मग पान चावून बघितलं, जसं ते पूर्वी बघायचे. "गोड हाय," म्हणाले. मग विचारलं, तात्या काय म्हणतोय.

तात्या संध्याकाळी बांधावर आले होते. त्यांच्या म्हशी बांधाच्या पलीकडं उभ्या राहून आमच्या पट्टीकडं बघत होत्या. ते म्हणाले, त्या झटका मशीनची किंमत किती, आणि दोन एकराला किती तार लागती? मी सांगितलं. ते पुढं म्हणाले, वरचे दोन एकर बंद करून बघतो, पण म्हशी पावसाळ्यात कुठं ठेवू? मृगापासून पुनर्वसू संपेपर्यंत, सहा आठवडे, आमची गंजी आहे, असं मी सांगून टाकलंय. घरी अजून कोणाला विचारलेलं नाही. सात म्हशींना रोज सत्तर किलो धरले तर सहा आठवड्यांचं गवत तीन टनांच्या आसपास जातं. पहिल्या पट्टीतलं निम्मं मी उद्याच कापायला घेते, बी तर गळालंच आहे.